स्लॅपस्टिक: शब्दाचा उगम, अर्थ आणि भाषोभाषीची नावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरात एकांकिका बसवणाऱ्या मुलांच्या तालमींना जाणे झाले की 'स्लॅपस्टिक' हा शब्द हमखास कानावर पडतो. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांविषयी घरोघरी बोलणे निघते तेव्हाही तो येतो, आणि बहुतेक वेळा थोड्या नाराजीच्या सुरात येतो. या शब्दाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

स्लॅपस्टिक म्हणजे नेमके काय?

आज हा शब्द एका विनोदप्रकारासाठी वापरला जातो. घसरून पडणे, दारावर आपटणे, एकाला मारायला जावे आणि तडाखा दुसऱ्यालाच बसावा, शिडी घेऊन वळावे आणि मागच्याला आडवे करावे, तोंडावर केकचा लगदा बसावा, अशा शरीराने केलेल्या आणि उघड अतिशयोक्तीने रंगवलेल्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात. मुळात मात्र हे एका वस्तूचे नाव आहे. एका मुठीत बसवलेल्या दोन पातळ लाकडी फळ्या आणि त्या दोहोंमध्ये बारीकशी फट, एवढीच तिची रचना. ती कुणाच्या पाठीवर मारली की एक फळी दुसरीवर आदळते आणि फाडकन आवाज निघतो. आवाज मोठा येतो, पण मार अगदी थोडा बसतो.

आवाज आणि इजा यांची ही फारकत हाच या शब्दाचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे. खाली जे काही लिहिले आहे ते याच मुद्द्याभोवती फिरते. स्लॅपस्टिकचे भाषांतर 'मारामारीचा विनोद' असे केले की नेमका हा गाभा सुटतो, कारण मार न बसता मार बसल्याचा भास निर्माण करण्यातच ही सगळी कला आहे.

ही काठी मूळची कुठली?

इटलीची. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तेथे 'कोमेदिया देल्लार्ते' ही व्यावसायिक नटांची रंगभूमी उभी राहिली. १५४५ साली पादुआ येथे अशा एका नटमंडळीने आपसात केलेला लेखी करार आजही उपलब्ध आहे. हे नट मुखवटे घालून, ठरलेल्या पात्रांच्या आधारे आणि बव्हंशी आयत्या वेळच्या संवादांनी नाटक उभे करत. कथानकाचा सांगाडा तेवढा ठरलेला असे. त्यातली नोकर मंडळी 'झान्नी' म्हणून ओळखली जात आणि त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध झाला तो अर्लेकिनो. ठिगळांचा रंगीबेरंगी पोशाख, काळा मुखवटा, सतत भुकेलेला आणि अंगाने विलक्षण चपळ असा हा बेर्गामोकडचा नोकर. त्याच्या कमरेला जी दुहेरी फळी खोचलेली असे, तिचे नाव 'बातोक्यो' किंवा 'बाताक्यो'. हा शब्द 'मारणे, ठोकणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदाच्या कुळातला आहे आणि घंटेच्या आतल्या लोलकालाही इटालियनमध्ये तोच शब्द आहे. आवाज हेच त्या वस्तूचे मुख्य काम, ही जाण अशी मूळ नावातच दिसते.

याच नटांच्या हुकमी विनोदी करामतींना 'लात्सी' म्हणत. भूक लागलेल्या अर्लेकिनोने माशी पकडून ती चवीने खाणे ही त्यांतली एक गाजलेली करामत. कथानक जरा रेंगाळले की नट एखादी लात्सी करून प्रेक्षकांना पुन्हा जागे करत. आज दूरचित्रवाणीच्या लेखनखोलीत ज्याला 'गॅग' म्हणतात, त्याचे हे जुने रूप.

इटालियन मंडळ्या युरोपभर फिरल्या आणि त्यांच्याबरोबर ही फळीही फिरली. फ्रान्समध्ये तिला 'बात' म्हणू लागले. जर्मन भाषक प्रदेशांत अशाच चिरलेल्या फळीला 'प्रित्शे' हे नाव आहे आणि तिथल्या कास्पर नावाच्या बाहुलीच्या हाती ती आजही दिसते. इंग्लंडमध्ये पुल्चिनेल्ला या दुसऱ्या इटालियन पात्राचा 'पंच' हा बाहुल्यांच्या खेळातला नायक झाला. सॅम्युअल पेप्स या रोजनिशीकाराने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद केलेली आहे. पंचच्या हातातली काठी सगळ्यांना सटासट बडवते आणि बाहुल्या लाकडाच्या असल्यामुळे कुणालाच काही होत नाही.

मग इंग्रजीत वस्तूचे नाव विनोदाला कधी मिळाले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेत. तेथे व्हॉडव्हिल नावाचे विविधरंगी करमणुकीचे खेळ जोरात होते आणि त्यांतल्या विदूषकांच्या हातात ही फळी असे. 'स्लॅप' म्हणजे चापट आणि 'स्टिक' म्हणजे काठी, असा तो सरळसोट जोडशब्द. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो त्या फळीच्या आधाराने होणाऱ्या विनोदाला लावला जाऊ लागला. पुढे फळी रंगमंचावरून नाहीशी झाली तरी नाव टिकले. गंमत म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदात ती वाद्य म्हणून अजून शाबूत आहे. चाबकाचा फटकारा ऐकू यावा अशा ठिकाणी तालवादक दोन फळ्या एकमेकींवर आपटतो. फ्रेंच संगीतकार राव्हेल याच्या जी मेजरमधल्या पियानो कॉन्चेर्तोचा आरंभ याच आवाजाने होतो.

मूकपटांत आवाजच नव्हता, तर तेथे स्लॅपस्टिक कसे चालले?

हा प्रश्न फार चांगला आहे. १९१२ साली मॅक सेनेटने अमेरिकेत कीस्टोन स्टुडिओ सुरू केला, १९१४ साली चार्ली चॅप्लिन तेथूनच पडद्यावर आला, आणि 'स्लॅपस्टिक' हा शब्द जगभर पोहोचला तो याच मूकपटांच्या काळात. पडद्यावर आवाज नव्हता हे खरे, पण चित्रपटगृहात वादक बसलेले असत आणि पडणे, आपटणे यांना ते ठेक्याने साथ देत. शिवाय त्या काळच्या नटांनी आवाजाचे काम शरीराकडे सोपवले. फटका बसल्यावर अंग किती उडावे, किती वेळ थबकावे, टोपी कोणत्या क्षणी पडावी, हे सगळे इतके नेमके बसवलेले असे की प्रेक्षकाला न झालेला आवाज ऐकू यावा.

दूरचित्रवाणीवर हा प्रकार कसा रुजला?

सुरुवातीचा दूरचित्रवाणी संच लहान, चित्र धूसर, आणि त्यात विस्तीर्ण पाठलाग मावणे कठीण. म्हणून स्लॅपस्टिक दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात आले. १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह लुसी' या अमेरिकन मालिकेने ते घडवले. कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे भराभर येऊ लागतात, ती गुंडाळणाऱ्या दोघी बायकांचा हात मागे पडतो आणि त्या चॉकलेटे तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबू लागतात, हा त्या मालिकेतला १९५२ चा प्रवेश आजही अभ्यासला जातो. त्यात कुणी कुणाला मारत नाही. पट्ट्याचा वेग हाच मारणारा आणि या दोघी मार खाणाऱ्या. मालिकेचे चित्रण प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी होत असे, त्यामुळे नटाला हशाच्या अंदाजाने थांबता येई. घरच्या पडद्यासाठी काम करणाऱ्या नटांना रंगभूमीची ही सोय मिळाली नसती तर हा विनोद इतका जमला नसता.

जपानमध्ये 'ड्रिफ्टर्स' या चमूचा शनिवारी रात्री आठचा कार्यक्रम १९६९ ते १९८५ या काळात देशभर पाहिला जात असे. त्यातली एक खूण तिथल्या लोकांच्या मनात पक्की बसली आहे: वरून धातूचे घमेले येते आणि डोक्यावर आदळून दणका देते. पत्रा पातळ, आवाज प्रचंड. अर्लेकिनोच्या फळीमागचे तत्त्व येथे पत्र्याच्या भांड्यात दिसते. ब्रिटनमध्ये १९९० साली आलेल्या मिस्टर बीनने तर जवळजवळ न बोलता जग गाठले आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत आजोबा व नातू यांनी तो शेजारी बसून पाहिला, कारण भाषेची अडचण कुणालाच नव्हती.

इतर भाषांत या प्रकाराला काय म्हणतात?

येथे प्रत्येक भाषेने या विनोदातले वेगवेगळे अंग पकडले आहे, आणि मला या विषयात सर्वाधिक रस आहे तो याच भागात. इंग्रजीने हत्यार पकडले. जपानीने आवाज पकडला: तेथे अशा विनोदाला 'दोताबाता' म्हणतात. तो धावपळीच्या दणदणाटाचा अनुकरणवाचक शब्द आहे. आपल्या 'धडाधड', 'दाणदाण' यांचाच भाऊ. जर्मन भाषेत 'क्लामाउक' म्हणजे कल्ला, गोंगाट, आणि धांगडधिंग्याच्या विनोदालाही तोच शब्द. चिनी भाषेतल्या 'नाओज्यू' या शब्दात 'नाओ' म्हणजे गलका आणि 'ज्यू' म्हणजे नाटक. फार्स आणि आदळआपट दोन्ही त्यात येतात.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांनी थेट केकवर बोट ठेवले. ब्राझीलमध्ये या प्रकाराला 'पास्तेलाँव' आणि मेक्सिकोत 'पास्तेलासो' म्हणतात. मेक्सिकोतल्या शब्दाचा अर्थच मुळी केकचा तडाखा. फ्रेंचांनीही क्रीमच्या केकचा वाक्प्रचार केला, पण तेथे त्याला दुसरा अर्थही चिकटला: वापरून वापरून गुळगुळीत झालेली गोष्ट.  समीक्षक मूकपटांतल्या या विनोदाला तेथे 'ब्युर्लेस्क' म्हणतात.

कोरियन शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. तेथे इंग्रजी 'गॅग' हा शब्द दूरचित्रवाणीच्या विनोदासाठी इतका रुळला की विनोदी कलाकारालाही 'गॅगमॅन' म्हणतात, आणि शरीराने केलेल्या विनोदाला 'मोम-गॅग'. 'मोम' म्हणजे शरीर. हत्यार, आवाज आणि केक ही साधने बदलत राहतात. शरीर मात्र प्रत्येक खेळात असतेच.

अशी फळी भारतात किंवा आशियात कुठे आहे का?

आहे. पंजाबच्या भांड-नक्कल परंपरेत दोघांची जोडी असते: रंगा आणि बिगला. रंगा प्रश्न विचारतो, बिगला भलतेच उत्तर देतो, आणि रंगा हातातल्या कातडी पट्ट्याने त्याला फटकावतो. त्या पट्ट्याला 'चमोटा' म्हणतात. चामड्याच्या आवाजाने वाक्य संपते आणि हशा नेमका कुठे यायला हवा हे प्रेक्षकाला कळते. जपानच्या 'मान्झाई' या दोघांच्या विनोदी संवादात बावळटपणा करणाऱ्याला 'बोके' आणि त्याला टोकणाऱ्याला 'त्सुक्कोमी' म्हणतात. टोकणाऱ्याच्या हाती कधीकधी घड्या घातलेल्या जाड कागदाचा मोठा पंखा असतो, त्याचे नाव 'हारिसेन'. तो डोक्यात मारला की सटकन आवाज येतो. लाकूड, चामडे आणि कागद हे तीन वेगळे पदार्थ तीन दूरच्या प्रदेशांत एकाच कामासाठी वापरले गेले. त्यांनी एकमेकांकडून उचल केली असे समजण्याची गरज नाही. रंगमंचावर मार दाखवायचा पण नट जायबंदी करायचा नाही, ही गरज सगळीकडे सारखीच होती.

संस्कृत नाटकातल्या विदूषकाच्या हातातही काठी असते. ती स्लॅपस्टिकच का?

नागपूरकरांकडून हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, कारण कालिदासाचे नाव आपल्या जिभेवर रामटेकच्या निमित्ताने सतत असते. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देवांनी नटांना दिलेल्या भेटींचे वर्णन आहे आणि त्यात ब्रह्मदेवाने दिलेले 'कुटिलक' येते. कुटिलक म्हणजे वाकडी काठी, आणि ती विदूषकाची मानली जाते. नाटकांत तिला 'दंडकाष्ठ' म्हणतात. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात माधव्य हा विदूषक शिकारीच्या दगदगीला इतका विटलेला आहे की अंग मोडल्याचे सोंग करून दंडकाष्ठावर रेलून उभा राहतो. राजा विचारतो, हे अंगाला काय झाले? त्यावर तो म्हणतो, स्वतःच डोळ्यात बोट खुपसून वर अश्रूंचे कारण काय विचारता? सहाव्या अंकात राजा आंब्याच्या मोहोराला मदनाचा बाण म्हणून विव्हळतो, तेव्हा हाच माधव्य काठी उगारून तो मोहोर पाडायला निघतो.

ही काठी आवाज करत नाही, तिला फट नाही, आणि अर्लेकिनोच्या फळीशी तिचे नाते जोडू नये. परंतु राजाच्या विरहासारख्या तरल भावनेवर थेट सोटा उगारणे हा विनोद शरीराचाच आहे, आणि तो संस्कृतातल्या सर्वांत कोवळ्या नाटकात आहे, हे स्लॅपस्टिकला थिल्लर म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

खडी गंमत, दंडार, तमाशा यांत स्लॅपस्टिक आहे का?

आहे, पण तेथला मुख्य भर जिभेवर आहे. तमाशातली बतावणी घ्या किंवा विदर्भातला खडी गंमत हा लोकनाट्यप्रकार घ्या, हशा निघतो तो प्रामुख्याने उलट उत्तरातून, शब्दाच्या वाकवण्यातून आणि बोलीच्या हेलातून. सोंगाड्याचे अंग शब्दाला टेकू देते. त्याचे चालणे, धोतर सावरणे, मार चुकवण्यासाठी ढोलकीवाल्याच्या आड लपणे, हे सगळे शरीराचे काम आहे आणि ते ढोलकीच्या थापेवर पडते. तो एक पाऊल टाकतो आणि थाप पडते, तो धपकन बसतो आणि थाप पडते. फाडकन वाजणाऱ्या फळीची आपल्या मंडळींना कधी उणीव भासली नाही, कारण ते काम ढोलकी करत होती. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत दंडार हे लोकनाट्य रंगते, वडसा येथील नाटक कंपन्यांचा हंगामही त्याच सुमारास उभा राहतो. त्या रात्रीच्या नाटकांतल्या विनोदी पात्रांकडे कुणी केवळ ताल ऐकत पाहावे. पडणे आणि वाजणे यांचा मेळ किती पक्का असतो ते कळेल.

आजच्या मराठी वाहिन्यांवरच्या प्रहसनांत ढोलकीच्या जागी की-बोर्डवरचा आवाज आला आहे. तो कलाकाराच्या हालचालीबरोबर आला तर उत्तम. हालचाल फसली म्हणून वरून आवाज ओतला तर ते प्रेक्षकाला लगेच कळते. विदर्भातले विनोदी नट भारत गणेशपुरे वऱ्हाडी हेलात वाक्य टाकून स्वतः निर्विकार उभे राहतात, तेव्हा कुठल्याही आवाजाची गरज लागत नाही.

फार्स, सिटकॉम आणि स्लॅपस्टिक यांत फरक काय?

फार्स हा नाटकाचा प्रकार आहे, त्यात गैरसमज आणि प्रसंगांची गुंतागुंत लागते. सिटकॉम ही ठरावीक पात्रे व ठरावीक जागा असलेली प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. स्लॅपस्टिक ही विनोद करण्याची रीत आहे, ती या दोन्हींत येऊ शकते आणि शोकनाट्यातही क्षणभर येऊ शकते.

मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे स्लॅपस्टिकमध्ये मोडतात का?

नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांसोबत निघणारे बडगे ही उपहासाची परंपरा आहे. भाववाढ, भ्रष्टाचार, पुढारी यांवर तेथे पुतळा करून बोट ठेवले जाते. उपहासाला लक्ष्य लागते. स्लॅपस्टिकला ते लागत नाही, केळीचे साल कुणालाही पाडते.

हा विनोद हलक्या दर्जाचा का मानला जातो?

आपल्याकडे याचे एक जुने कारण नाट्यशास्त्रातच सापडते. सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यम पात्रांचे, अपहसित आणि अतिहसित अधम पात्रांचे. ओठांच्या कोपऱ्यात राहणारे हसू वरचे आणि अंग हलवून, डोळ्यांत पाणी आणणारे हसू खालचे, ही उतरंड सुशिक्षित मराठी मनात अजून पक्की आहे. स्लॅपस्टिक हसवते ते अतिहसित, म्हणून त्याची जागा शेवटची ठरली.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि ते मला मान्य आहे. पुष्कळदा स्लॅपस्टिकच्या नावाखाली दुबळ्याला झोडपले जाते. जाड माणूस, तोतरा माणूस, साडी नेसलेला पुरुष समोर आणायचा आणि त्याला मार देऊन हशा मिळवायचा. तेथे आवाज आणि इजा यांची फारकत उरत नाही, कारण फटका अंगाला लागला नाही तरी त्या माणसाच्या प्रतिष्ठेला लागतोच. थोर स्लॅपस्टिकमध्ये पडणारा माणूस बहुधा स्वतःच्या ऐटीमुळे पडतो, आणि पडल्यावर कपडे झटकून पुन्हा ऐटीत उभा राहतो.

मराठीत याला काय म्हणावे? शब्दाचे लिंग कोणते?

'आदळआपटीचा विनोद' हा घरगुती आणि समजणारा पर्याय आहे. समीक्षेत 'शारीर विनोद' चालतो, पण त्यात मुद्राभिनय आणि मूकाभिनयही येतात, त्यामुळे तो अधिक व्यापक आहे. 'आचरट विनोद' मात्र वापरू नये, कारण ते प्रकाराचे वर्णन नसून निकाल आहे. मूळ शब्द ठेवायचा असेल तर वस्तूला 'ती स्लॅपस्टिक' म्हणावे, छडी आणि काठी यांच्या चालीवर. प्रकाराबद्दल बोलताना 'ते स्लॅपस्टिक' किंवा 'स्लॅपस्टिक विनोद' असे लिहिणे सोयीचे.

एकांकिकेसाठी खरी स्लॅपस्टिक बनवता येईल का?

येईल, आणि कुठलाही सुतार ती सहज करून देईल. सुमारे दीड फूट लांब, दोन इंच रुंद आणि पाव इंचाहून पातळ अशा सागवानाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. मुठीच्या टोकाला दोहोंमध्ये पातळ चीप ठेवून त्या स्क्रूने घट्ट आवळाव्यात, म्हणजे पुढची टोके एकमेकींपासून जराशी दूर राहतील. फट जास्त झाली तर आवाज बसका येतो, आणि फारच कमी झाली तर फळ्या वाजतच नाहीत, तेव्हा चीप बदलून पाहावी. सगळे काठ आणि कोपरे पॉलिश पेपरने गोल करावेत, स्क्रूची डोकी लाकडात बुडवावीत आणि मुठीवर कापडी पट्टी गुंडाळावी. बांबूच्या कमट्यांचीही होते, पण कमट्यांची कुसळे टोचतात आणि चिरफळी उडण्याची भीती राहते.

मारण्याची जागा म्हणजे कमरेखालचा मांसल भाग किंवा मांडीची मागची बाजू. डोके, मान, पाठीचा कणा आणि बरगड्यांखालची कूस या जागा कायम वर्ज्य. घरात पाहून नक्कल करणाऱ्या लहान मुलांनाही हीच गोष्ट आधी सांगावी. हात खांद्यातून उचलून मनगटातून सोडावा, म्हणजे प्रेक्षकाला फटका जोरदार दिसतो आणि प्रत्यक्षात फळीचे वजन तेवढे पडते. मार खाणाऱ्याने आवाज होण्याआधी उडू नये. फाडकन आवाज येऊ द्यावा, क्षणभर थांबावे, आणि मग उडावे.